घरच्या संगणकातील जागा जाते कोठे?

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील कळंब हे समुद्रकाठचे गाव. एका अंगाला पुळण आणि सुरूची झाडे, दुसऱ्या अंगाला वाड्या आणि त्यांच्या पलीकडे नालासोपाऱ्याच्या इमारतींची गर्दी. अशा गावातील शिक्षकांच्या, पंचायत सदस्यांच्या आणि रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या घरी संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. विद्यार्थ्यांच्या याद्या, निकालपत्रके, ग्रामसभेच्या इतिवृत्तांचे मसुदे, कार्यक्रमांची छायाचित्रे, मुलांचा अभ्यास आणि घरातील लग्नाचे चित्रीकरण हे सारे एकाच यंत्रात गुण्यागोविंदाने नांदत असते. मग एके दिवशी पडद्यावर सूचना झळकते, की डिस्कवर जागा उरलेली नाही. काम जतन होत नाही, यंत्र मंदावते, विंडोजची नवी सुधारणा अर्ध्यावरच अडकते. विशेष म्हणजे घरातील कोणीही त्या आठवड्यात काही नवे साठविलेले नसते.

अशा वेळी बहुतेक जण जे हाताला लागेल ते पुसावयास लागतात. हाताला लागते ते बहुधा स्वतःचेच असते; म्हणजे छायाचित्रे, जुनी पत्रे, मागील वर्षांची निकालपत्रके. ज्याने जागा खरोखर व्यापलेली असते ते मात्र डोळ्यांस दिसत नसल्यामुळे सुरक्षित राहते. महिन्याभराने तीच सूचना पुन्हा झळकते आणि तोवर पुन्हा मिळवता न येणारे कागद मात्र गेलेले असतात. वसईच्या वाडीतील बावखलाचे पाणी एका रात्रीत खाली गेले, तर वाडीवाला आधी उपसा कोणी केला हे पाहतो, मग गाळ किती साचला हे पाहतो. संगणकाच्या बाबतीतही हाच क्रम पाळला पाहिजे.

मापातील फरक

पहिला गैरसमज खरेदीच्या दिवशीच सुरू होतो. खोक्यावर २५६ गीगाबाइट असे छापलेले असते आणि विंडोज मात्र सुमारे २३८ दाखविते. ५१२ चे ४७६ होतात, एक टेराबाइटचे ९३१ होतात. दुकानदाराने फसविले असे वाटणे साहजिक आहे. परंतु येथे कोणी काही चोरलेले नसते. डिस्क बनविणारे हजाराच्या पटीने मोजतात, तर विंडोज १०२४ च्या पटीने मोजते आणि नाव मात्र दोघेही तेच वापरतात. तीन वेळा हजाराने गुणणे आणि तीन वेळा १०२४ ने गुणणे यांत सुमारे सात टक्क्यांचा फरक पडतो. शेर आणि किलो यांच्या गोंधळातून गेलेल्या पिढीस हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

एक गोष्ट जाता जाता. १९५६ साली आयबीएम कंपनीने तयार केलेली रॅमॅक ही चुंबकीय डिस्क असलेली पहिली साठवण यंत्रणा सुमारे एक टन वजनाची होती आणि तिच्यात सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज साध्या मोबाइलने काढलेले एकच छायाचित्र तिने जेमतेम सामावून घेतले असते.

न दिसणारे रहिवासी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘सी’ ड्राइव्ह उघडून त्यातील सर्व कप्पे निवडले आणि त्यांच्या आकाराची बेरीज पाहिली, तर ती अनेकदा वापरलेल्या जागेपेक्षा बरीच कमी भरते. हा फरक म्हणजे विंडोजने स्वतःसाठी राखलेला आणि सामान्य वापरकर्त्यापासून दडविलेला भाग होय.

त्यातील एक म्हणजे पेज फाइल. मुख्य स्मृती अपुरी पडली की संगणक डिस्कचाच काही भाग स्मृतीसारखा वापरतो आणि गरजेनुसार तो वाढवितोही. एकाच वेळी पंचवीस पाने उघडी ठेवून काम करण्याची सवय असेल, तर ही फाइल फुगते. तिला हात लावू नये. दुसरी हायबरनेशनची फाइल. संगणक गाढ झोपी जाताना स्मृतीतील सर्व मजकूर हिच्यात उतरवितो. विंडोज १० व ११ मध्ये तिचा आकार साधारणपणे स्मृतीच्या चाळीस टक्के, म्हणजे आठ गीगाबाइट स्मृती असल्यास तीन गीगाबाइटच्या आसपास असतो. पावसाळ्यात ज्या किनारपट्टीवर वीज वारंवार जाते, तेथे लॅपटॉपवर ही सोय असू द्यावी, असे मी म्हणेन. मेजावरच्या संगणकात जागेची फारच तंगी असेल, तर जाणकाराकडून ती बंद करून घेता येते. मात्र तिच्याबरोबर यंत्र झटपट सुरू होण्याची सोयही जाते.

तिसरा रहिवासी अधिक खादाड आहे. सिस्टिम रिस्टोअर नावाची व्यवस्था यंत्राच्या पूर्वस्थितीच्या खुणा जपून ठेवते, जेणेकरून एखादी सुधारणा बिघडल्यास मागे फिरता यावे. या खुणा ज्या कप्प्यात असतात तो कप्पा यंत्राच्या मालकालाही सहसा उघडता येत नाही. त्याला किती जागा द्यावयाची हे ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ या ठिकाणी पट्टी सरकवून ठरविता येते. पट्टी कमी करावी, पण शून्यावर नेऊ नये.

आणि चौथा म्हणजे वापरकर्त्याच्या नावाच्या कप्प्यात दडलेला ‘ॲपडेटा’. ब्राउझरने साठविलेली पाने, निरोपांच्या कार्यक्रमाने आपोआप उतरविलेली चित्रे, चलचित्रे आणि परिपत्रके या सर्वांचे ते कोठार होय. शिक्षक व अधिकारी यांचे जितके गट, तितकी ही आवक मोठी. शुभप्रभातीची फुले आणि शासन निर्णयाची प्रत यांत यंत्र भेद करीत नाही.

आठवड्यात चोवीस गीगाबाइट

उदाहरणादाखल असे समजू, की कळंबमधील एका शिक्षकांच्या घरी २५६ गीगाबाइट डिस्कचा संगणक आहे. गेल्या आठवड्यात तीस गीगाबाइट जागा मोकळी होती. आज सहाच उरली आहे. त्यांनी काहीही नवे साठविलेले नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनांची दहा वर्षांची छायाचित्रे पुसावीत की काय, या विचारात ते आहेत.

प्रथम हिशेब मांडू. विंडोजच्या हिशेबाने डिस्क २३८ ची. त्यातून सहा मोकळी, म्हणजे २३२ व्यापलेली. खुद्द विंडोज २८, इतर कार्यक्रम १७, त्यांची स्वतःची कागदपत्रे व छायाचित्रे ६४. एवढी बेरीज १०९ होते. उरलेल्या १२३ चे काय? निरोपांच्या कार्यक्रमाचे कोठार ३८, ‘डाउनलोड्स’ कप्पा २१, तात्पुरत्या फाइली १२, सिस्टिम रिस्टोअर ११, ब्राउझर ६, पेज फाइल ५, हायबरनेशन ३, रिसायकल बिन ३. आणि ‘विंडोज ओल्ड’ नावाचा एक कप्पा २४.

हा शेवटचा आकडा आठवड्यात नाहीशा झालेल्या जागेशी तंतोतंत जुळतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्ट कंपनीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या निमित्ताने असंख्य घरगुती संगणक विंडोज ११ वर गेले. आपल्या शिक्षकांचा संगणकही गेल्या आठवड्यात असाच नव्या आवृत्तीवर गेला असे धरू. अशा वेळी जुनी विंडोज लगेच नष्ट होत नाही. परत फिरण्याची सोय म्हणून ती या कप्प्यात ठेवली जाते आणि दहा दिवसांनी आपोआप काढली जाते. म्हणजे येथे काहीही न करता थांबले असते, तरी हरवलेली जागा बहुधा परत आली असती.

तरीही या दहा दिवसांचा उपयोग करून घ्यावा. आपली मराठी टंकलेखनाची व्यवस्था नव्या आवृत्तीत चालते का, जुन्या अक्षरवळणातील पत्रे नीट उघडतात का, छपाईयंत्र आणि डिजिटल स्वाक्षरीची कळ ओळखली जाते का, हे सर्व पाहून घ्यावे. ते ठीक असेल तर ‘सेटिंग्ज’, त्यात ‘सिस्टिम’, त्यात ‘स्टोरेज’ आणि तेथील ‘टेम्पररी फाइल्स’ या मार्गाने जाऊन ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ या नोंदीवर खूण करावी आणि ती काढावी. एकदा काढली की मागे फिरता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता पुढची आकडेमोड पाहा. जुन्या विंडोजचे २४, तात्पुरते १२, रिसायकल बिनचे ३, रिस्टोअरची पट्टी अकरावरून चारवर आणल्याने ७, निरोपांचे कोठार अडतीसवरून दहावर आणल्याने २८, आणि ‘डाउनलोड्स’ निवडून घेतल्यावर १५. एकूण ८९ गीगाबाइट मोकळे झाले. पूर्वीचे सहा धरून ९५. स्नेहसंमेलनांच्या एकाही छायाचित्रास हात लावावा लागला नाही.

हा हिशेब हाताने मांडणे कंटाळवाणे आहे, हे मान्य. ‘स्टोरेज’ या पानावर विंडोज ढोबळ वर्गवारी दाखविते. पुष्कळदा तेवढी पुरते. अधिक बारकाईने पाहावयाचे असल्यास विनडरस्टॅट हा २००३ पासून उपलब्ध असलेला विनामूल्य कार्यक्रम आहे. तो डिस्कवरील प्रत्येक फाइल तिच्या आकाराच्या प्रमाणात रंगीत चौकटीने दाखवितो, त्यामुळे फुगलेली फाइल नकाशावरील तलावासारखी चटकन नजरेत भरते. तो प्रशासकाच्या अधिकाराने चालवावा, नाहीतर दडलेले कप्पे मोजले जात नाहीत. ‘एका क्षणात संगणक स्वच्छ’ अशा जाहिराती करणाऱ्या कार्यक्रमांपासून मात्र दूर राहावे. जे विंडोजमध्येच आहे त्यासाठी परक्याला घरात घेण्याचे कारण नाही.

पुसले तरी पुन्हा भरते

कधी कधी जागा मोकळी करावी आणि चार दिवसांत ती पुन्हा नाहीशी व्हावी, असा अनुभव येतो. येथे साठा पाहून भागत नाही, आवक शोधावी लागते. विंडोज ७ च्या काळापासून परिचित असलेले एक उदाहरण बोधप्रद आहे. विंडोजच्या सुधारणांची एक नोंदवही असते. ती मोठी झाली की यंत्र तिची आवळून गठडी करते. परंतु गठडी बांधणाऱ्या कार्यक्रमास दोन गीगाबाइटहून मोठी फाइल पेलत नाही. नोंदवही त्या मर्यादेपलीकडे गेली की प्रयत्न फसतो, अर्धवट गठडी तात्पुरत्या कप्प्यात पडून राहते आणि यंत्र पुन्हा प्रयत्न करते. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नामागे सुमारे शंभर मेगाबाइटची एक फाइल! अशा शेकडो फाइली साचून डिस्क भरते. त्या पुसल्या तरी त्या पुन्हा तयार होतात, कारण मूळ नोंदवही तशीच असते. ती काढली म्हणजेच हा प्रकार थांबतो.

यासाठी एक साधी वही पुरते. दर रविवारी मोकळ्या जागेचा आकडा तारखेसह लिहावा. आकडा एका दिवसात कोसळला तर बहुधा मोठी सुधारणा कारण असते. तो रोज थोडाथोडा, एकाच गतीने घसरत असेल तर एखादा कार्यक्रम गळका आहे असे समजावे. गावच्या जलमापकाइतकीच ही नोंद उपयोगी पडते.

आपण स्वतः निर्माण करीत असलेली आवकही पाहिली पाहिजे. ए-फोर आकाराचा कागद दर इंचास ३०० बिंदू या प्रमाणात पूर्ण रंगांत स्कॅन केला आणि आवळून न ठेवता जतन केला, तर त्याला सुमारे २६ मेगाबाइट लागतात. तोच कागद करड्या छटांत नऊ मेगाबाइटच्या आत, आणि निव्वळ काळ्या-पांढऱ्यात एक मेगाबाइटच्या थोडा वर. टंकलिखित परिपत्रक रंगांत स्कॅन केल्याने त्याच्या अधिकारात कोणतीही भर पडत नाही. शिवाय एकच शासन निर्णय चार वेळा उतरविला म्हणजे ‘डाउनलोड्स’मध्ये त्याच नावापुढे एक, दोन, तीन असे आकडे लागून त्याच्या चार प्रती तयार होतात, हेही प्रत्येकाने एकदा उघडून पाहावे.

गठ्ठे बांधा, मग नष्ट करा

पुसणे हे खरे तर अभिलेखांचे काम आहे आणि महाराष्ट्रातील कार्यालयांना ते नवीन नाही. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अनिलकुमार लखिना हे तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, येथे जिल्हाधिकारी असताना त्यांनी कार्यालयातील कागदपत्रांच्या व्यवस्थेची जी पुनर्रचना केली, ती लखिना पद्धत म्हणून राज्यभर ओळखली गेली. वर्षानुवर्षे साचलेल्या दप्तरांचे वर्गीकरण करून, ठेवावयाचे ते नीट ठेवून, उरलेले रीतसर नष्ट करणे हा तिचा एक महत्त्वाचा भाग होता. आजही सहा गठ्ठा पद्धतीत ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे नाशनाच्या, कागदांचा गठ्ठा शेवटचा असतो. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा, ‘क-१’ पाच वर्षांचा आणि ‘ड’ एक वर्षाचा, ही विभागणी ज्यांना तोंडपाठ आहे त्यांना संगणकाचे कप्पे लावणे अवघड वाटू नये.

घरच्या संगणकावर शाळेचे वा पंचायतीचे कागद असतील, तर ही बाब सोयीपुरती राहत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास कायदेशीर मान्यता दिलेली आहे आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ अन्वये शासकीय अभिलेख विहित रीतीनेच नष्ट करावयाचे असतात. ‘जागा भरली म्हणून पुसले’ हे उत्तर माहितीच्या अधिकारातील अर्जदारास किंवा लेखापरीक्षकास देता येणार नाही. असे कागद मुळातच कार्यालयाच्या व्यवस्थेत असावेत आणि घरी केवळ कामापुरती प्रत असावी, हे उत्तम. विद्यार्थ्यांच्या नावांच्या याद्या तर घरातील सर्वांच्या हाताखालील यंत्रात ठेवूच नयेत.

येथे दोन धोक्यांचा उल्लेख आवश्यक आहे. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीत ‘डिस्क क्लीनअप’च्या यादीत ‘डाउनलोड्स’ कप्पाही घालण्यात आला होता. जुन्या सवयीने सर्व चौकटींवर खुणा करणाऱ्यांची त्या कप्प्यातील कागदपत्रे त्यामुळे पुसली जात. २०२० च्या आवृत्तीत ती नोंद तेथून काढण्यात आली. परंतु ‘टेम्पररी फाइल्स’च्या पानावर ती आजही आहे. म्हणून सर्वच चौकटींवर डोळे मिटून खूण करू नये. दुसरा धोका वनड्राइव्हसारख्या इंटरनेटवरील साठ्याचा. जोडलेल्या कप्प्यातून फाइल पुसली की ती तिकडूनही आणि जोडलेल्या इतर यंत्रांवरूनही जाते. केवळ घरच्या यंत्रातील जागा सोडवावयाची असेल, तर फाइलवर उजवी कळ दाबून ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय घ्यावा. मोफत जागाही बेताचीच असते. वनड्राइव्हवर ती पाच गीगाबाइट, तर गूगलवर पंधरा. गूगलची जागा टपाल, कागद आणि छायाचित्रे मिळून आहे. १ जून २०२१ पासून छायाचित्रेही त्याच हिशेबात धरली जातात.

विंडोजच्या कप्प्यातील ‘विनएसएक्सएस’ आणि ‘इन्स्टॉलर’ हे दोन उपकप्पे मोठे दिसतात म्हणून हाताने पुसू नयेत. पहिल्यातील पुष्कळ फाइली एकाच जागी असून दोन नावांनी मोजल्या जातात, त्यामुळे त्याचा दिसणारा आकार फसवा असतो. दुसरा पुसल्यास कार्यक्रम सुधारता वा काढता येत नाहीत.

रिकामा दिसणारा पेन ड्राइव्ह

शाळा, सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान आणि घर अशी फेरी करणाऱ्या पेन ड्राइव्हची तऱ्हा याच्या उलट आहे. तो उघडला तर आत काहीच दिसत नाही, किंवा एखादे बाण असलेले चिन्ह तेवढे दिसते. जागा मात्र भरलेली. हा एका प्रकारच्या विषाणूचा परिणाम होय. तो मूळ फाइली नष्ट करीत नाही, त्यांच्यावर ‘दडलेली’ अशी खूण करतो आणि त्यांच्या जागी स्वतःकडे नेणारे चिन्ह ठेवतो. अशा वेळी पेन ड्राइव्ह खराब झाला असे समजून तो फॉरमॅट करणे म्हणजे हातातील कागद स्वतःच जाळणे होय. चिन्हावर कळ न दाबता प्रथम विषाणूरोधक कार्यक्रमाने तपासणी करावी, मग दडलेल्या फाइली दाखविण्याचा पर्याय चालू करून त्या सुरक्षित जागी उतरवाव्यात. पेन ड्राइव्हवरून पुसलेले रिसायकल बिनमध्ये जात नाही, हेही येथेच सांगितलेले बरे.

पुसून गेलेले परत मिळते काय, असे अनेक जण विचारतात. फिरत्या तबकडीच्या जुन्या डिस्कवर, त्या जागी दुसरे काही लिहिले गेले नसेल तर, ते पुष्कळदा मिळते. म्हणून चूक लक्षात येताच यंत्राचा वापर थांबवावा. नव्या एसएसडी प्रकारच्या डिस्कवर मात्र मोकळी झालेली जागा यंत्र स्वतःच पार्श्वभूमीवर साफ करून ठेवते. तेथे आशा फारच थोडी.

राहता राहिला एक प्रसंग, ज्यात वरील काहीच करावयाचे नसते. खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे चाललेल्या, वीज जाऊन वारंवार अर्ध्यावर बंद पडलेल्या यंत्रात जागेच्या तक्रारीबरोबर टिकटिक आवाज येत असेल, फाइली उघडण्यास मिनिटे लागत असतील आणि सुरू होताना डिस्क तपासणीची सूचना रोज येत असेल, तर हे डिस्कच निकामी होत चालल्याचे लक्षण असू शकते. तेव्हा जागा मोजू नये, साफसफाई करू नये, तपासणीचा कार्यक्रमही चालवू नये. बाहेरची डिस्क जोडावी आणि ज्या फाइलींची दुसरी प्रत कोठेच नाही त्या प्रथम, बाकीच्या त्यानंतर, उतरवून घ्याव्यात.